डावी गिटार

मी हेडफोन. आजवर दुसऱ्यांचंच पोचवत आलो, आज पहिल्यांदा माझं स्वतःचं सांगतोय. माझा आवाज मोठा नाही, तेव्हा जरा जवळ या.

दोन वाट्या, त्यांना जोडणारी वाकडी पट्टी आणि शेपटासारखी एक वायर, एवढाच मी. मला विकत घेणारा माणूस डब्यांच्या कारखान्यात प्रेसवर काम करतो. दिवसभर पत्र्यावरचे दणके ऐकायचे आणि घरी येऊन पुन्हा दणकेच ऐकायचे, असा हा माझा मालक. त्याला मेटल नावाचं संगीत लागतं. भिंतीसारख्या गिटारी, पोटातून निघणाऱ्या डरकाळ्या, आणि वाजवणाऱ्याला चार पाय आहेत की काय असे ड्रम.

पहिल्या दिवशी मी घाबरलोच होतो. मग कधी हात जोडावेसे वाटायला लागले, मलाही कळलं नाही.

मालकाचा एक मित्र आहे, रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा. त्याला सगळे रिपेअरवाला म्हणतात. दोघांचा एक नेम. वर्षभरात आलेल्या अल्बमांतले दहा निवडायचे, प्रत्येकापुढे एक ओळ मत लिहायचं आणि वर्षाच्या शेवटच्या रविवारी कागद बदलून पोटभर भांडायचं. अल्बम तीनदा पूर्ण ऐकल्याशिवाय मात्र मत द्यायचं नाही.

यंदा काय एकेक अल्बम आले! एकात चाळीस मिनिटांचं एकच गाणं, इतकं सावकाश की ड्रमच्या दोन ठोक्यांमध्ये मालक पाण्याचा घोट घ्यायचा. त्याने लिहिलं, ‘डोंगर चालायला लागला तर असा चालेल.’ एकात एक बाई गाते. आधी अगदी मऊ, आणि मग अशी किंचाळते की माझ्या वाट्या थरथरल्या. ‘आधी आई, मग वाघीण. बाई तीच.’ एक अल्बम पाच म्हाताऱ्यांचा, कितीतरी वर्षांनी एकत्र आलेल्या. ‘हात कापतात, पण सोडत नाहीत.’ एवढं सगळं माझ्या बारीकशा वायरीतून जातंय आणि मी जळून कसा जात नाही, याचंच मला नवल वाटायचं.

पण पुढेपुढे मालक कुरकुरायला लागला. ‘गिटार एकच.’ ‘रिकामं वाटतं.’ दहाव्या नंबरच्या अल्बमपुढे त्याने मोठ्याने बोलत लिहिलं, ‘चौथ्या गाण्यात मिनिटभर चक्क काहीच नाही. आळशी कुठले.’

रिपेअरवाला दारातूनच ओरडला, “अरे ढणढण्या, दोन गिटारी आहेत त्यात! कानात बोळे घालून बसतोस का?”

“तुलाच जास्तीचं ऐकू येतं,” मालक म्हणाला.

घरात सात महिन्यांचं बाळ आहे. बाळाची आई सदा धास्तावलेली. बाळ शिंकलं तरी ती हातातलं टाकून धावते. तिच्या एक लक्षात आलं. बाळ बापाच्या डाव्या खांद्याशी कितीही ओरडलं तरी बापाची मान वळत नाही. तिने खापर माझ्यावर फोडलं.

“या डबड्याने माझा माणूस खाल्ला!” असं म्हणून तिने मला चिंध्यांच्या पिशवीत कोंबलं.

दुसऱ्या दिवशी बाळ झोपल्यावर तिनेच मला बाहेर काढलं. यात आहे तरी काय, म्हणून डोक्यावर चढवलं. दचकून काढलं. पुन्हा चढवलं.

संध्याकाळी ती म्हणाली, “अहो, यात दोघं वाजवतात ना? एक इकडून, एक तिकडून?”

“एकच आहे गं. का डावी वाटी गेली याची?”

रिपेअरवाल्याने मला उघडलं, तपासलं, स्वतः घालून बघितलं.

“हा ठणठणीत आहे रे,” तो हळूच म्हणाला. “जरा उलटा घाल बघू.”

मालकाने मला उलटं घातलं. वर्षभर कधी न ऐकलेली गिटार त्याच्या उजव्या कानात आली, आणि रोजची ओळखीची नाहीशी झाली. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

कानाचे डॉक्टर म्हणाले, “प्रेसच्या दणक्यांनी डावा कान गेलाय. तो परत यायचा नाही, उजवा सांभाळा. कामावर कान झाकायचे. गाणी रोज अर्धाच तास, तीही हळू आवाजात.” त्यात माझाही हात होताच. किती, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

रिपेअरवाला म्हणाला, “वायर जोडून देतो. सगळं एकाच कानात येईल.”

“दोन गिटारींचं भांडण एकीच्याच तोंडून ऐकू?” मालक म्हणाला. त्याने मतांचा कागद फाडायला घेतला. “अर्धं ऐकून सगळ्यांना नावं ठेवली मी. आता कसलं मत देतोय!”

बाळाच्या आईने तो कागद ओढून घेतला. “सरका जरा,” म्हणाली आणि त्याच्या डाव्या अंगाला खेटून बसली. मला ताणून दोघांच्या डोक्यांवर घातलं. उजवी वाटी त्याच्या उजव्या कानावर, डावी तिच्या डाव्या कानावर. पट्टी करकरली. दोन डोक्यांचं एकच मोठं डोकं झालं.

डावी गिटार आली की ती त्याच्या गुडघ्यावर बोटांनी वाजवून दाखवायची. रोज अर्धा तास. असे त्यांनी नऊ अल्बम ऐकले, मतं खोडली, नवी लिहिली. मग आला दहावा. चौथं गाणं. ते मिनिट.

माझी उजवी वाटी मुकी झाली. डावीत एकटी गिटार उरली.

तिची बोटं गुडघ्यावर थांबली. मालकाला मान वळवता येईना, म्हणून त्याने समोरच्या कपाटाच्या काचेत बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. बाळ उठून दोघांकडे टकामका बघत होतं, आणि बाळाच्या प्रत्येक श्वासाला जागी होणाऱ्या त्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता. मालकाने श्वास रोखून धरला. मीही.

“काय होतं?” गाणं थांबवून त्याने विचारलं.

“कुणीतरी एकटंच जिना उतरत होतं. त्याला खाली पोचायचंच नव्हतं.”

मालकाने मला फिरवून तेच मिनिट उजव्या कानाने ऐकलं. मग म्हणाला, “उतरत नाही, चढतोय तो.”

“उतरतोय.”

“चढतोय गं!”

“मला शिकवू नका. मी आधी ऐकलंय.”

शेवटच्या रविवारी रिपेअरवाल्याने कागद वाचला. दहावा अल्बम पहिल्या नंबरवर होता आणि त्याच्यापुढे दोन हस्ताक्षरांत दोन ओळी. ‘एकटा चढतो.’ त्याखाली, ‘उतरतो. नीट ऐका.’ तो खो खो हसला.

मग त्याने मला उचललं. माझी पट्टी आता पार पसरलीय. एका डोक्यावर मी टिकतच नाही, घसरून गळ्यात येतो. दोन डोकी असली की मात्र छान बसतो. “आण, घट्ट करून देतो,” असं म्हणत रिपेअरवाला पाना शोधायला उठलाय.

तुमचं रिपेअरवाला ऐकत असेल तर त्याला एवढंच सांगा, पाना सापडू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलोय.