शनिवारची चादर

मी एक चादर आहे. पांढरी, सुती, डबल, किनारीला बारीक निळी रेघ. पलंगावर अंथरलेली असते तेव्हा माझ्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण मध्यंतरी असे दिवस आले की शनिवारी संध्याकाळी खोलीतले सगळेजण माझ्याकडे टक लावून बसायचे, हसायचे, डोळे पुसायचे. पुढंपुढं तर सरकारनंही माझी दखल घेतली. किती चादरींच्या नशिबी हे येत असेल? म्हणून म्हटलं, विटून जायच्या आत एकदा सांगून टाकावं.

माझा जन्म गिरणीतला. तिथला फक्त गोंगाट आठवतो. मग दुकान, मग कागदी पिशवी, आणि मग हे घर. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीची रस्त्याकडची बाजू म्हणजे जवळजवळ सगळी खिडकीच. मला आणलं ते एका नवराबायकोनं. बाई एका जुन्या छापखान्यात शिशाच्या उलट्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या. तिथं अजूनही हातानं जुळवून कार्डं छापत. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. सरकारी कचेऱ्यांच्या उंच इमारती त्यांच्याकडे होत्या. गल्लीत त्यांना सगळे लिफ्टवालेच म्हणायचे.

लिफ्टवाले म्हणजे बोलका माणूस. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की दाराबाहेर बसून हातानं काम करायचे आणि तोंडानं आतल्या माणसाला सिनेमाची गोष्ट सांगायचे, म्हणजे तो घाबरायचा नाही. एकदा म्हणे दार उघडलं तरी आतले हेडक्लार्क बाहेर येईनात. "आधी सांगा, ती परत आली की नाही?" हा किस्सा घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकावा लागायचा.

पण थंडी सुरू झाली की हाच माणूस मिटायचा. दिवस आखडायचे, दुपारीच दिवे लावावे लागायचे, खिडकीबाहेर नुसतं करडं आभाळ. लिफ्टवाले आधी किस्से सांगायचे थांबत, मग जेवताना बोलायचे थांबत, आणि मग रजा टाकून माझ्यावर आडवे होत. भिंतीकडे तोंड करून. झोपायचे नाहीत, नुसते पडून राहायचे. एकाच कुशीवर इतके पडायचे, की माझी ती बाजू दुसरीपेक्षा विरळ झाली.

लोकांना काय सांगायचं? "कंबर धरलीय," असं बाईंनी एकदा सांगितलं, आणि पुढं दर हिवाळ्यात तेच चालू राहिलं. कामावर तेच कळवलं, शेजारी तेच. शेजारी बिचारे मलम आणून द्यायचे. न उघडलेल्या मलमांच्या ट्यूबांनी खण भरला होता.

एका हिवाळ्यात बाईंचा धाकटा भाऊ आला. तो सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवायचा, म्हणून त्याचं नावच ऑपरेटर. थिएटर कायमचं बंद झालं होतं. शाळेच्या मुलांना सिनेमे दाखवायला तिथं एक छोटं मशीन होतं, ते आणि रिळांचे काही डबे त्याला मिळाले होते. ते सगळं धापा टाकत वर आणून त्यानं जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"ताई, भिंत पिवळी पडलीय गं. पांढरं काही आहे का?"

बाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग आतल्या खोलीत आल्या आणि माझं टोक धरून म्हणाल्या, "अहो, उठा जरा. चादर हवीय."

"दुसरी घे की."

"दुसरी फुलाफुलांची आहे. हीरोच्या तोंडावर फुलं दिसतील. उठा."

लिफ्टवाले उठले. उठावंच लागलं, बाई ओढतच होत्या. आता पलंगाची नुसती गादी उरली, आणि त्यांना गादीच्या त्या खरखरीत कापडावर पडवत नसे. म्हणून ते बाहेर येऊन खुर्चीवर बसले. असा आमचा सिनेमा सुरू झाला.

चार खिळ्यांवर ताणून मला भिंतीवर बसवलं. दिवा बंद झाला, मशीन खरखरलं, आणि माझ्या अंगावर समुद्र आला. खरं सांगते, पहिल्यांदा मी भिजले असंच वाटलं.

धड चालणारे डबे चारच होते. एका सिनेमात दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या चोरून एकच घर विकत घेतात. तो बाईंचा आवडता. एकात जहाजावरचा आचारी जहाज चुकवतो आणि एका बंदरात राहून जातो. लिफ्टवाल्यांचा जीव त्याच्यात. त्यात शेवटी फार काही होत नाही. आचारी धक्क्यावर बसतो, सफरचंद खातो आणि गेलेल्या जहाजाकडे बघून हसतो, एवढंच. "पण बघ ना, कसा खातो तो," एवढं वाक्य त्या हिवाळ्यात ते स्वतःहून बोलले. बाईंनी अंधारात भावाचा हात दाबला. मला दिसलं. पडद्याला समोरचं सगळं दिसतं. चेहऱ्यांवर माझाच उजेड पडलेला असतो.

मग शेजारी येऊ लागले. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू, औषधाच्या दुकानातला कंपाउंडर आणि गणिताचे निवृत्त मास्तर. मास्तरांना रहस्यपट आवडायचा. खुनी कोण ते पाठ झालं होतं, तरी दर वेळी त्यांना संशय यायचाच. "या वेळी मला तो माळी वाटतोय," म्हणायचे. काकूंना रडायला लावणारा चौथा सिनेमा हवा असायचा. कोणता लावायचा यावरून आधी अर्धा तास भांडण. त्या भांडणात लिफ्टवालेही असायचे. शनिवार संध्याकाळपुरता का होईना, ते टेबल एकटे उचलून भिंतीपासून लांब सरकवायचे, खिडकीचे पडदे ओढायचे, खुर्च्या मांडायचे. रविवारी पुन्हा माझ्यावर, भिंतीकडे तोंड. पण सहाच्या सहा दिवस तसेच जात नसत. गुरुवारपासून विचारायचे, "या वेळी कुठला?"

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या वर्षी रस्त्यावर कॅमेरे बसले. आमच्या खिडकीसमोरच दिव्याचा खांब होता, त्याच्यावर एक बसला. तो बसवणाऱ्या माणसाला काकूंनी पाणीसुद्धा दिलं. सुरुवातीला लोक त्याच्याकडे बघून केस नीट करायचे. मग त्याच्याकडे बघेनासे झाले. मग त्याच्या खाली उभं राहून गप्पा मारेनासे झाले. हे इतकं हळूहळू झालं, की कुणाला कळलंही नाही.

त्या हिवाळ्यात एका दुपारी दारावर टकटक झाली. मी धुऊन आतल्या दारावर वाळत घातलेली होते. आलेला माणूस मऊ आवाजाचा, हातानं विणलेला स्वेटर घातलेला. ओळखपत्र दाखवलं. "बसू का?" म्हणता म्हणता बसलाही.

"दर शनिवारी माणसं जमतात म्हणे तुमच्याकडे."

"सिनेमा बघतो आम्ही," बाई म्हणाल्या.

"वा. मागच्या शनिवारी कोणता बघितला?"

बाईंनी सांगितलं.

"आणि त्याच्या आधीच्या?"

"तोच."

"तोच?" तो हसला. "तोच तोच सिनेमा बघायला माणसं जिने चढून येतात?"

"तुम्ही आवडतं गाणं एकदाच ऐकता का?"

"तेही खरं. पण मग पडदे का लावता?"

"उजेड येतो म्हणून."

"संध्याकाळी?"

"रस्त्यावरचा दिवा आहे ना. तुमच्या कॅमेऱ्याशेजारचा."

तो काही लिहून घेत नव्हता. बाईंना त्याचीच जास्त भीती वाटत होती. जाताना दारात वळून म्हणाला, "तुमच्या मिस्टरांना कंबरदुखीची रजा आहे. पण पडदे ओढायच्या आधी खिडकीतून दिसतं, जेवणाचं टेबल एकटे उचलतात ते. कंबर बरी झालेली दिसते. सरकारी इमारतींत जायचा पास आहे त्यांच्याकडे, म्हणून आपलं विचारलं." आणि चहा छान होता, असं सांगून गेला.

काकूंनी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. पण नाव ठेवलं तरी पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. कंपाउंडरनं जिन्यातच सांगितलं, "वहिनी, दुकानाचं लायसन्स आहे हो." मास्तर आले, थोडा वेळ बसले आणि सिनेमा सुरू व्हायच्या आत उठले. ऑपरेटरनं मशीनवर झाकण घातलं.

लिफ्टवाल्यांनी मला भिंतीवरून काढलं, स्वतःच पलंगावर अंथरलं आणि माझ्यावर आडवे झाले. त्यानंतर गुरुवार आला काय आणि गेला काय. दाढी वाढली. बाई ताट घेऊन यायच्या, तसंच परत न्यायच्या. एके रात्री बाई पाठीला पाठ लावून माझ्यावर झोपल्या होत्या आणि आवाज न करता रडत होत्या. माझ्यावर खूप अश्रू सांडलेत, पण सिनेमा नसताना सांडलेले जड असतात.

मग एका शनिवारी बाई छापखान्यातून आल्या त्या तणतणतच. रस्त्यात कॅमेऱ्याखाली चप्पल तुटली होती, आणि एरवी धावून येणारं कुणी खांबाजवळ आलं नव्हतं. आल्या तशा आत शिरल्या.

"उठा. चादर हवीय."

"कुणी येणार नाही."

"नाही आलं तर नाही. उठा."

मला घेऊन त्या खिडकीशी गेल्या. पडदे पार बाजूला सारले आणि मला खिडकीतच टांगलं. शनिवार म्हणून आलेला ऑपरेटर बघतच राहिला. "ताई, अगं, रस्त्यावर दिसेल सगळं!"

"दिसू दे. पडद्यामागं काय चालतं तेच बघायचंय ना त्यांना? त्यांनाही बघू दे की सिनेमा. लाव."

"पण बाहेरून उलटा दिसेल. नावं उलटी दिसतील."

"उलटी अक्षरं वाचून माझा जन्म गेला. लाव म्हणते ना!"

मशीन खरखरलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या दोन्ही अंगांना सिनेमा होता. आत खोली, तिघंच माणसं. बाहेर थंडी, खांब, कॅमेरा आणि घाईघाईनं जाणारे लोक. रस्त्याच्या दिव्यानं चित्र जरा फिकं पडलं होतं, पण दिसत होतं. एक बाई थांबली. तिच्यामागचा सायकलवाला तिला धडकता धडकता थांबला. मग दोघंही वर बघू लागली.

लिफ्टवाले खुर्चीत बसले होते. जहाज गेलं, आचारी धक्क्यावर आला. तेवढ्यात ते उठले आणि खुंटीवरचा कोट काढला. हिवाळा लागल्यापासून तो कोट तिथंच होता.

"कुठं निघालात?" बाई म्हणाल्या.

"खालून कसं दिसतं बघून येतो."

जिन्यात त्यांची पावलं वाजली. मग मला ते खाली दिसले, नेमके खांबाखाली उभे, दाढी वाढलेली, कोटाची बटणं चुकीची लावलेली. वर तोंड करून बघत होते. आचाऱ्यानं सफरचंद खाल्लं. लिफ्टवाल्यांनी हात तोंडाशी धरून हाक मारली, "अगं! फोकस ढिला आहे! त्याला सांग, जरा आवळ!"

खालच्या मजल्यावरची खिडकी खाडकन उघडली. काकू बाहेर डोकावल्या, वर बघितलं, खाली बघितलं. "इश्श! मला कुणी बोलावलं का नाही?" आणि शाल गुंडाळून जिना चढून आल्या. मागोमाग मास्तर. त्या दिवशी मास्तरांनी आचाऱ्यावरही संशय घेतला.

दोन दिवसांनी लिफ्टवाल्यांना कचेरीत बोलावणं आलं. नवराबायको दोघं गेली. मी घडी होऊन खुर्चीवर होते, त्यामुळं तिथं काय झालं ते त्यांच्याच तोंडून ऐकलं. संध्याकाळी दोघं परत आली. ऑपरेटर दारातच उभा होता. लिफ्टवाले कोट न काढताच बसले.

"भाऊजी, काय म्हणाले?"

"विचारलं, कंबर दुखते की नाही. मी म्हटलं, नाही. कधीच दुखली नाही." ते घोटभर पाणी प्यायले. "म्हटलं, दिवस लहान झाले की मला काही नको होतं. बोलणं नको, जेवण नको. उजेडसुद्धा नको, आणि उजेड नाही म्हणूनच ते होतं. लाज वाटते म्हणून कंबर सांगतो. म्हटलं, तुमचा कॅमेरा खिडकीतून टेबल बघतो. टेबल ठेवल्यावर मी काय करतो ते त्याला दिसत नाही."

"मग?"

"मग त्या गोडबोल्यानं पेन काढलं."

बाई पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. "इतकी वर्षं आईला सांगितलं नाहीत हो तुम्ही," त्या भावाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "याला सांगितलं नाहीत. आणि सरकारदरबारी नोंदवून आलात."

पास काढून घेतला. डॉक्टरचं पत्र आणा, मग बघू, असं ठरलं. म्हणून लिफ्टवाले पहिल्यांदाच मलमवाल्या नव्हे, मनाच्या डॉक्टरकडे गेले. तिथं गोळ्या मिळाल्या, आणि रोज सकाळी बाहेर पडायचंच, असा हुकूम मिळाला. दिवस मोठे झाल्यावर पासही परत आला. "म्हणून त्या कचेरीवाल्यांचे उपकार मानायचे नाहीत," असं बाईंनी सगळ्यांना बजावलं. खरंच आहे. कंपाउंडर पुन्हा कधी आला नाही. समोरासमोर दिसला की मान खाली घालून जातो. एक मित्र असा तुटला. कॅमेराही आहे तिथंच, फक्त त्याची मान आता सरळ आमच्या खिडकीकडे वळवलेली आहे.

मी आता म्हातारी झाले. मध्यावर फाटले तेव्हा काकूंनी मला उभं कापलं, काठ मधे घेऊन शिवणमशीनवर जोडलं. त्यामुळं माझ्या छातीवरून एक शिवण जाते आणि सिनेमातल्या प्रत्येकाच्या नाकावरून एक रेघ. कुणी तक्रार करत नाही.

हिवाळा पुन्हा लागलाय. मी काही औषध नाही. लिफ्टवाल्यांचं ते दर वर्षी येतंच. पण आज सकाळी ते माझ्यावर उठून बसले, बराच वेळ पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, सुरू झालं बघ माझं."

"बरं," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आधी फिरून या. मग भावाला फोन करा, शनिवारी ये म्हणावं."

ते उठले. मी अजून उबदार आहे.

तुम्हाला एकच सांगणं आहे. कधी संध्याकाळी एखाद्या रस्त्यानं जाताना वरच्या खिडकीत उलटी अक्षरं आणि नाकावर रेघ असलेला एक आचारी दिसला, तर जरा थांबा. शेवट फार छान आहे. थांबलात तर कॅमेऱ्यात याल, तेवढं मात्र सांगून ठेवते. पुढं तुमचं तुम्ही ठरवा.