गुरुजी गुहेतून बाहेर आले

बाबांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. त्यामुळे तलवारीवर उभा राहून ढगांतून उडणारा नायक त्यांना पहिल्या दिवशी मुळीच पटला नाही.

"ब्रेक कुठंय त्याला?" त्यांनी विचारलं.

"जादूची तलवार आहे, बाबा," सून म्हणाली.

"असेना का जादूची. उतरताना थांबायला नको?"

सुनेनं कपाळाला हात लावला आणि पुढे वाचायला घेतलं. पार्लरमधली सकाळची पाळी करून ती दुपारी घरी यायची आणि जेवणं आटोपली की सासरे-सून खिडकीपाशी बसायचे. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मोबाइलवरचं अक्षर दिसायची सोय नाही. म्हणून ती मोठ्यानं वाचायची. कादंबरी चिनी होती. कुणी हौशी माणूस ती मराठीत आणून रोज एक भाग टाकायचा. डोंगरावरचा मठ, तिथले म्हातारे गुरुजी, त्यांची तोंडाळ शिष्या आणि तिच्यावर जीव असूनही अवाक्षर न काढणारा तो तलवारवाला.

खरं तर लग्न झाल्यापासून या दोघांत "चहा घेता?" आणि "घेतो" यापलीकडे फारसं बोलणं नव्हतं. मध्ये सासूबाई होत्या, त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या. त्या गेल्या आणि घर मुकं झालं. आता मात्र एखादा भाग चुकला तर बाबांना चहासुद्धा गोड लागत नव्हता.

प्रेमाचे प्रसंग आले की सून ते खुशाल गाळायची. एकदा बाबांनी तिला पकडलंच.

"काल ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आज तिच्या खांद्यावर याचा अंगरखा आला कुठून?"

"पाऊस आला होता," सून लालबुंद होत म्हणाली.

"बरा मोजका पाऊस आला," बाबा म्हणाले.

भागाखाली वाचकांचे अभिप्राय असत, आणि बाबांचा खरा जीव तिथे. कुणी नायकाच्या नावानं बोटं मोडायचं. एक महाशय दर आठवड्याला 'कादंबरी सोडली, रामराम' असं जाहीर करायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. "आला बघ नाटक्या!" बाबा खूश होऊन म्हणायचे. मग स्वतःचं मत सांगायचे आणि सून ते 'लिफ्टवाले आजोबा' या नावानं टाकायची. तलवारीच्या ब्रेकवरचं त्यांचं मत इतकं गाजलं, की आजोबा काय म्हणाले हे लोक आधी शोधायला लागले.

मग डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि बाबांनी पाय मागे घेतला. सासूबाई अशाच एका साध्या ऑपरेशनला म्हणून गेल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. मुलानं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, बाबा ढिम्म. नेमके त्याच सुमारास कादंबरीतले गुरुजी जखमी झाले आणि बरे व्हायला गुहेत जाऊन बसले.

"ते धड बाहेर आले तर मीही जातो," बाबा हसत म्हणाले. सुनेला मात्र त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तो भाग आला. तिनं आधी नजर फिरवली. गुहेचं दार उघडलं होतं आणि आत गुरुजी संपले होते.

"काय झालं? वाच की."

"दार उघडलं," ती म्हणाली. "गुरुजी बाहेर आले. आल्या आल्या शिष्येला म्हणाले, खायला काय आहे?"

बाबा खळखळून हसले आणि त्यांनी लगेच अभिप्राय सांगितला: 'लेखकाचे आभार. म्हाताऱ्यांना उगाच मारू नये.' तिनं लिहिला, आणि हाताला सवय पडलेली म्हणून पाठवूनही दिला.

ऑपरेशन छान झालं. पुढचे दिवस सून भाग आणि अभिप्रायही मनानेच रचत राहिली. गुरुजींनी शिष्येला लग्नावरून झापलं. तलवारीला एकदाचा ब्रेक बसवला. बाबा तर हरखूनच गेले.

एका दुपारी ती पार्लरमधून आली तर बाबा नवा चष्मा लावून खिडकीपाशी बसलेले, हातात मोबाइल. ते एकेक शब्द सावकाश वाचत होते.

"'आजोबा, तुम्ही कुठली कादंबरी वाचताय? गुरुजी तर वारले.' दुसरा म्हणतो, 'आम्ही इथे रडतोय आणि आजोबा आभार मानतायत.'"

आता पुन्हा 'चहा घेता' आणि 'घेतो', एवढंच उरणार, याची सुनेला खरीखुरी भीती वाटली.

"चुकलं, बाबा. पण तुम्ही गेला नसतात."

"नसतोच गेलो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, जरा जास्तच वेळ. मग मोबाइल तिच्यापुढे धरला. "हे धड लिहिलंय का बघ. पहिल्यांदाच माझं मी लिहिलंय."

'आमच्या घरी गुरुजी जिवंत आहेत. सुनेनं वाचवले. मी ही कादंबरी सोडली, रामराम.'

तिचे डोळे भरून आले. बाबांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"हं, ब्रेक बसला. पुढे सांग," ते म्हणाले. "आणि तो अंगरख्याचा भाग आज मी वाचलाय. पाऊस-बिऊस काही नव्हता."