वाढत्या अंगाचा पोल

पोल व्हॉल्टचा, म्हणजे बांबूउडीचा, पोल कसा निवडायचा, हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पोलवर दोन आकडे असतात. एक लांबीचा, दुसरा वजनाचा. वजनाचा आकडा पौंडात असतो आणि उडी मारणाऱ्याचं वजन त्याच्या जवळपास, थोडं खालीच असावं लागतं. पोल हलका निघाला तर जास्त वाकून मोडतो. भारी निघाला तर वाकतच नाही, आणि न वाकलेला पोल माणसाला वर फेकत नाही, आला तसा मागे ढकलतो. एवढंच शास्त्र आहे, सातवीच्या पोराला कळेल. मला सत्तावीस वर्षं शाळेत खेळ शिकवूनही कळलं नाही, कारण आपल्याला कळतं असं मला वाटत होतं.

भागी आमच्या शाळेत अकरावीला होती. शाळा पालघरच्या पूर्वेला, आणि तिचा पाडा त्याच्याही पुढे डोंगरात. घरी पावसाच्या पाण्यावर थोडं भात, थोडी नागली. दिवाळी झाली की चिंतू, म्हणजे तिचा बाप, बायकापोरांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा तो पाऊस तोंडावर आला की परत. भागी दिवाळीनंतर वर्गात दिसत नसे आणि आम्ही मास्तर लोक हजेरीपटावर तिच्या नावापुढे काय लिहायचं ते लिहीत असू.

मी नवापूरचा, मासेमारांच्या घरातला. खाडीत होडी ढकलायला आम्ही लांब बांबू वापरतो, तसाच एक मी शाळेत नेला होता. पडायला फाटकी जाळी आणि पेंढा भरलेली पोती. त्या बांबूवर ही पोरगी दोन मीटर पंचावन्न गेली. पाय वर कसे न्यायचे हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला असं एकच मूल मिळालं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पुण्याकडच्या एका क्रीडा वसतिगृहात पोल व्हॉल्टच्या मुली घेतात. राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथेच. भागी तिथे गेली की भट्टी सुटली, कायमची. अट एकच होती, मार्चमधल्या निवड चाचणीत दोन मीटर सत्तर मारायचे, आणि वय अठराच्या आत हवं. आमच्या शाळेत निम्म्या मुलांचा जन्म एक जूनला झालेला आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी तोच दिवस लिहिला. भागीही एक जूनचीच. येत्या जूनला ती कागदावर अठराची होणार होती. म्हणजे ही एकच चाचणी.

श्रावणात बांबूला तडा गेला. मी बोईसरला एका कारखान्याच्या मालकांना, विक्रमसाहेबांना, जाऊन भेटलो. भला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक पोल आमच्याकडून. कुठला हवा ते तुम्ही सांगा." मी हवेत तरंगतच नवापूरला आलो. रविवारी भागीला बोलावून बहिणीच्या सुकी मासळी तोलायच्या काट्यावर उभं केलं. एक्कावन्न किलो. लगेच पोलच्या विक्रेत्याला फोन लावला.

"एक्कावन्न म्हणजे एकशेबारा पौंड," तो म्हणाला. "अकरा फुटी, एकशेपंधराचा घ्या."

आता इथे माझी अक्कल चालली. आमच्याकडे शाळेचा गणवेश कधी मापाचा शिवतात का? शिंप्याला सांगायचं, वाढत्या अंगाचा शीव. बाह्या दुमडायच्या, घेर आत घ्यायचा, दोन वर्षं निघतात. चपला घेतानाही पुढे बोटभर जागा ठेवायची. मी असाच वाढलो, माझी मुलं अशीच वाढली. पोल एकच मिळणार होता, पोरगी वाढीची होती, आणि वसतिगृहात गेल्यावर खाऊनपिऊन चांगली साठ किलोची होणार होती.

"वाढत्या अंगाचा द्या ना," मी म्हणालो. "बारा फुटी, एकशेतीसचा."

तो हसला. "सर, पोल तसा घेत नाहीत."

"तुम्ही द्या हो. माझी खेळाडू आहे, मी ओळखतो तिला."

पोल डिसेंबरात आला. कारखान्याचं नाव छापलेला, चकचकीत. विक्रमसाहेबांनी माझ्याबरोबर फोटो काढला आणि तो मी घरी भिंतीवर लावला. भागी तेव्हा भट्टीवर विटा वाहत होती. मी चिंतूला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "धाडतो सर. पन एक हात कमी होतो आमचा, तेवढा ध्यानात ठेवा." जानेवारी संपता संपता ती आली.

गालफडं बसलेली, हाताची कातडी विटेसारखी. तिला पुन्हा काट्यावर उभं केलं. सेहेचाळीस.

मी तीनदा काटा शून्यावर आणला आणि तीनदा सेहेचाळीसच आले. सेहेचाळीस किलोची पोरगी आणि एकोणसाठ किलोच्या माणसाचा पोल. तरी मी पोल तिच्या हातात दिला. ती धावली, टोक जमिनीतल्या खाचेत टेकवलं, उडाली, आणि पोल खांबासारखा ताठ उभा राहिला. ती हवेत क्षणभर त्याला लटकली आणि मागे, जिथून आली होती तिथेच, मातीवर आपटली. असं अकरा वेळा झालं. मग मी पकड खाली घ्यायला लावली. त्याने ती कशीबशी पलीकडे पडू लागली, पण खाली धरला की पोल आणखीच ताठ होतो, आणि उंची मिळते ती फक्त स्वतःच्या दंडांची.

"सर, ह्यो वाकत कसा नाय?" तिने विचारलं.

खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. चूक माझी आहे. मी म्हणालो, "तुझं वजन कमी पडतंय. वजन भरलं की वाकेल."

दुसरा पोल मागायला विक्रमसाहेबांकडे कुठल्या तोंडाने जायचं? माझ्याच तोंडाने मी एकशेतीस म्हणालो होतो. विक्रेत्याला फोन केला असता तर तो पुन्हा हसला असता. मला ते हसू नको होतं. म्हणून मी पोलचं माप पोरीला लावायचं सोडून पोरीला पोलच्या मापाची करायला निघालो.

माझी मोठी बहीण मंजुळा नवापूरला एकटी राहते, सुकी मासळी विकते. भागीला मी तिच्याकडे ठेवलं. सकाळी भाकरी आणि मासळीचं कालवण, दुपारी भात, संध्याकाळी पुन्हा भात, वर दोन अंडी. भागी खाली मान घालून खात होती. पोट भरल्यावरही खात होती, औषध घेतल्यासारखी. मी रोज सकाळी येऊन तिला काट्यावर चढवत होतो. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. साडेसत्तेचाळीस. एकदा तिला हगवण लागली आणि पुन्हा सेहेचाळीस.

"शांताराम," मंजुळा एकदा भडकली, "पोरगी हाय ती. सुकं बोंबील नाय, रोज तोलायला."

"तुला नाही कळायचं त्यातलं," मी म्हणालो. बहिणीला मी आयुष्यभर हेच म्हणत आलोय.

चाचणीच्या दिवशी भागी साडेअठ्ठेचाळीस होती. एकशेसात पौंड. बोईसरच्या एका वसाहतीच्या मैदानावर पाच मुली होत्या. विक्रमसाहेब सकाळीच आले होते, बरोबर छायाचित्रकार. आपला पोल कसा उडतो ते बघायचं होतं त्यांना. निवड करायला आनंदीमॅडम आल्या होत्या, स्वतः जुन्या खेळाडू, केस पिकलेले, आवाज मऊ. त्यांनी येताना गाडीच्या टपावर पोलचा अख्खा संच बांधून आणला होता.

दोन मीटर चाळीस भागी पहिल्याच उडीत गेली. नुसत्या दंडांच्या जोरावर. दोन पंचावन्न, जी ती बांबूवर हसत मारायची, तिच्यासाठी एका उंचीला मिळणाऱ्या तिन्ही उड्या लागल्या. मग आडवी काठी दोन सत्तरवर चढली. पहिली उडी, मागे. दुसरी उडी, मागे. दुसऱ्या वेळी ती कमरेवर पडली आणि उठायला तिला वेळ लागला.

आनंदीमॅडम माझ्याकडे चालत आल्या. त्यांनी पोल हातात घेऊन आकडा वाचला, भागीकडे पाहिलं आणि हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "सर, हिला हा फार भारी आहे. माझ्याकडे एकशेदहाचा आहे. तिसरी उडी त्यावर मारू दे. हात बसायला आधी दोनदा धावून बघू दे तिला, मी थांबते."

मी विक्रमसाहेबांकडे पाहिलं. छायाचित्रकाराने डोळ्याला कॅमेरा लावलेला होता. दुसऱ्या शाळांचे चार शिक्षक बघत होते, त्यातले दोघे माझे जुने विद्यार्थी. भागी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तीही माझ्याकडेच बघत होती.

"नको मॅडम," मी म्हणालो. "हा तिच्या सवयीचा आहे. ऐनवेळी बदल नको."

ऐनवेळी पोल बदलू नये, हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. म्हणून तर ते बोलायला इतकं सोपं गेलं. मॅडमनी पोल माझ्या हातात परत दिला आणि त्या बाजूला झाल्या. शिकवणाऱ्यासमोर त्या आणखी काय बोलणार?

तिसऱ्या वेळी भागी धावली तसं धावताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. टोक बरोबर बसलं. हात ताठ, गुडघा वर, सगळं मी एकदाच सांगितलं होतं तसं. पोल किंचित, अगदी किंचित वाकला आणि माझ्या तोंडून "जा" निघालं. मग तो सरळ झाला आणि थांबला. भागी वर उलटी, पाय आभाळाकडे, आणि खालून काहीच ढकलणारं नव्हतं. ती मागे पडली.

तीन मुली घेतल्या. त्यातल्या दीपिका नावाच्या मुलीने दोन सत्तरच मारले, त्याच एकशेदहाच्या पोलवर. आनंदीमॅडमनी मला यादी दाखवली. भागीच्या नावापुढे लिहिलं होतं, तंत्र उत्तम, उंची अपुरी. विक्रमसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हरकत नाही सर, पुढच्या वर्षी." मी मान हलवली. एक जूनचं त्यांना काय सांगायचं.

दुसऱ्या दिवशी चिंतू भागीला न्यायला पालघरच्या स्टँडवर आला. भट्टी मेअखेरपर्यंत चालणार होती. मंजुळाने भागीला डब्यात भात आणि तळलेली मांदेली दिली होती, आणि तिला स्टँडवर सोडायचं निमित्त करून मीही गेलो. खरं तर मी सांगायला गेलो होतो. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. तुझ्यात काही कमी नव्हतं, पोल मी चुकीचा घेतला आणि बरोबरचा मिळत होता तो मी घेऊ दिला नाही. हे एवढं बोलायचं, मग तिने काय म्हणायचं ते म्हणू दे.

एसटी लागली. चिंतू बोचकं घेऊन आत चढला. भागी लंगडत दारापर्यंत गेली, थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, "सर, रागावू नका. मंजुळाताईनं एवढा खाऊ घातला, तुमी एवढा महाग पोल आनला. माझाच अंग भरला नाय."

मी तोंड उघडलं. वाक्य अख्खं जिभेवर होतं.

"असू दे," मी म्हणालो. "तिकडे नीट जेवत जा."

ती हो म्हणाली आणि गाडीत चढली.