पोटाला हलकं

मी बोलतेय, चीजच्या कारखान्यातली सळी. लांबी वीतभर, एका टोकाला लाकडी मूठ, आणि मूठ सोडली तर सगळी पोकळ, एका बाजूने पन्हळीसारखी उघडी. टणक झालेल्या चीजच्या मोठ्या चाकात मला खुपसतात, एक गिरकी देतात आणि बाहेर ओढतात. माझ्याबरोबर चीजची एक कांडी बाहेर येते. आत काय चाललंय ते त्या कांडीवरून कळतं. बाहेरून सगळीच चाकं तुकतुकीत दिसतात, म्हणून तर मला कामावर ठेवलं.

मला एका चमचे बनवणाऱ्याने घडवलं. माझ्याबरोबरचे चमचे घरोघरी साखरेच्या डब्यांत जाऊन सुखाने लोळले. माझ्या वाट्याला आतलं बाहेर काढायचं काम आलं. या कामात साखर मिळत नाही, हे मी लवकर शिकले.

माझी पहिली मालकीण कारखान्याची चीज परीक्षक होती. स्वतःच्या पैशाने तिने मला विकत घेतलं. कांडीचा आतला तुकडा चाखायचा, बाहेरचा परत भोकात बसवायचा, वरून बोट फिरवायचं. चाक जसंच्या तसं! आत हवा शिरू नये म्हणून हे करतात. कचेरीतही हीच युक्ती चालते असं पुढे लक्षात आलं, तिथेही हवा लागू नये म्हणूनच.

निवृत्त होताना तिने मला भाचीच्या हातात दिलं. "ही घे. आणि चाखून झालं की थुंकत जा गं. पगार जिभेला आहे, पोटाला नाही."

भाची दुग्धशास्त्र शिकून आलेली. कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत, मीही तेच म्हणते. ताई थुंकली नाही, कधीच नाही. डोळे मिटून ती तुकडा जिभेवर फिरवायची आणि गिळायची. एवढं सुंदर काही थुंकायचं हे तिच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि ताईकडे तत्त्वं भरपूर होती.

मग तिचं पोट बोलू लागलं. ताजं, कोवळं चीज चाखलं की तासाभरात आत गाडगी-मडकी आपटल्यासारखा आवाज यायचा. मूठ घामाने ओली व्हायची. मी तिच्या पिशवीत असायचे, म्हणून डॉक्टरांचं बोलणंही मीच ऐकलं.

"तुम्हाला दुधातली साखर पचत नाही."

"अहो, मी चीज परीक्षक आहे."

"अरेरे!" डॉक्टर म्हणाले, आणि हसले. मग तिचा चेहरा पाहून नीट समजावलं. चीज मुरत जातं तशी त्यातली साखर जवळपास संपते. जुनं, टणक चीज बेताने खायला हरकत नाही. ताजं टाळा, दूध टाळा.

घरी आई ऐकायला तयार नव्हती. "दूध पचत नाही? आपल्या घरात? लहानपणी पेला पेला संपवायचीस."

"आई, नाक दाबून पाजायचीस तू."

"म्हणून तर एवढी वाढलीस!" असं म्हणून आईने तिच्या दुखऱ्या पोटावर उपाय म्हणून दूध तापत ठेवलं. वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कोमट दे. कढत सोसत नाही तिला."

कारखान्यात ताई गप्प राहिली. तिथे भिंतीभिंतीवर 'दूध हाच आमचा श्वास' अशी पाटी, आणि साहेब दर बैठकीत सांगायचे, "ज्याला आपला माल पचत नाही, त्याने आपल्याकडे काम करू नये." ताई बिनदुधाचा चहा घ्यायची आणि विचारलं की म्हणायची, "वजन उतरवतेय." एवढ्या काटकुळ्या मुलीचं हे उत्तर सगळ्यांनी मान्य केलं. खोटं जरा ओळखीचं असलं की माणसं फार चौकशी करत नाहीत.

साहेबांचे मेहुणे जाहिरात खातं सांभाळायचे, म्हणजे जाहिरात खातं त्यांना सांभाळायचं. त्यांना एक दिवस शोध लागला की जगात दूध न पचणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याही खिशात पैसे असतात. लगेच नवा माल ठरला: जुनं मुरलेलं चीज, पाकिटावर 'पोटाला हलकं', खाली परीक्षक म्हणून ताईचा फोटो आणि सही.

ताईला केवढा आनंद झाला! पहिला माल खराखुरा जुना होता. ती मला पुसता पुसता म्हणाली, "माझ्यासारख्या लोकांना आता घाबरत घाबरत खावं लागणार नाही." तिचा विश्वास बसला होता. माझाही.

माल हातोहात खपला. पण चीज मुरायला महिने लागतात, आणि मागणीला तेवढा धीर नव्हता. "थांबायला वेळ कुणाला आहे?" मेहुणे म्हणाले. पुढचा माल आला तो सुरेख पिवळा, टणक, खमंग. मी त्यात शिरले तेव्हा मला तो जरा चिकट लागला, पण माझं कोण ऐकतंय? ताईने चाखला, डोळे मिटले, पास केला.

तासाभरात तिचं पोट कळवळलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने दुसरं काहीच खाल्लं नाही, फक्त तेच चीज. पुन्हा तेच. शिकलेली जीभ फसली होती, अडाणी पोट फसलं नव्हतं. मग तिने कोठारात जाऊन पाहिलं. कोवळ्या चीजमध्ये दुधाची पावडर आणि खमंगपणाचा अर्क मिसळत होते.

मला हातात घेऊनच ती साहेबांकडे गेली.

"साहेब, यात पावडर आहे."

"काल तूच पास केलास ना माल?"

"काल कळलं नाही."

"मग आज कसं कळलं?"

खरं उत्तर द्यायचं तर नोकरी जाणार होती.

मेहुणे हसले. "ताई, विक्री चांगली चाललीये, तुमच्या का पोटात दुखतंय?"

"ज्यांना दूध पचत नाही त्यांनाच दूध विकतोय आपण! माझा फोटो आहे त्यावर."

"छान आलाय हो फोटो. आणि असल्या लोकांचं निम्मं दुखणं मनात असतं."

विक्रेत्यांचा मेळावा भरला. ताटांत चीजचे चौकोनी तुकडे, प्रत्येकात काडी. साहेबांनी भाषण सुरू केलं आणि ते संपवायचं विसरले. विक्रेते ऐकण्याच्या श्रमाने खात राहिले. मेहुण्यांनी फोटोसाठी म्हणून पुढचं अख्खं ताट एकट्याने संपवलं. शेवटी ताईला वर बोलावलं. तिने मला चाकात खुपसायचं, सगळ्यांसमोर चीज खायचं आणि 'पोटाला हलकं' एवढंच म्हणायचं, असं ठरलं होतं.

तिने मला खुपसलं. कांडी बाहेर आली, देखणी होती. ताईने ती खाल्ली नाही.

"मला दूध पचत नाही," ती म्हणाली. "बरीच वर्षं लपवलं. जुनं चीज मला चालतं, हे चालत नाही, कारण हे जुनं नाही. यात दुधाची पावडर आहे. पाकिटावर माझा फोटो आहे, म्हणून मीच सांगते. हे विकू नका."

साहेब माइक ओढत म्हणाले, "आमच्या ताई भारी विनोदी..."

पहिल्या रांगेतले एक जाडजूड विक्रेते उठले. "साहेब, ते कुठे आहे?"

"काय?"

"तेच हो! लवकर सांगा!"

मागून दुसरे उठले. तिसऱ्यांनी खुर्ची घट्ट धरली. मेहुणे कुणाला काही न सांगता तिरके तिरके दाराकडे निघाले.

"मेहुणे," ताईने वरूनच विचारलं, "मनात की पोटात?"

मेहुणे थांबले नाहीत. थांबण्यासारखी वेळच नव्हती.

संध्याकाळी ताईला काढलं. कारण दिलं, 'प्रकृती अस्वास्थ्य'. तिने मला मागितलं तर साहेब म्हणाले, "सळी कंपनीची आहे." आत्याची आहे हे ती ओरडून सांगत होती, तोवर मला कपाटात ठेवलं होतं.

'पोटाला हलकं' मात्र पाकिटावरून गेलं. माल तोच आहे. आता त्यावर 'दुधाच्या अधिक पोषणासह' असं छापतात, ठळक अक्षरांत. म्हणजे खरं छापतात, आणि त्यासाठी स्वतःलाच शाबासकी देतात. पण ज्याला पचत नाही तो वाचून ठेवून देतो, फसत नाही. ताईला एवढंच हवं होतं. तेवढ्यासाठी तिची नोकरी गेली, हे पाकिटावर कुठेच नाही.

मी हल्ली कारखान्याच्या स्वागतकक्षात काचेच्या कपाटात असते. खाली कार्ड आहे, 'सचोटीची परंपरा'. रोज मला पुसतात. कित्येक दिवसांत मी एकाही चाकात शिरलेले नाही.

मध्यंतरी आत्या आली होती. टेबलाशी बसलेल्या मुलीला म्हणाली, "ती सळी माझी आहे."

"काकू, ती शोभेची आहे."

"शोभेची? अगं, हिच्या तोंडी लागायला मालक घाबरायचे!" मुलगी हसली. आत्या मग तिच्याशी बराच वेळ बोलत बसली, म्हणून मला कळलं. चौकातल्या घड्याळाच्या दुकानाला लागून चीजचं छोटं दुकान आहे, तिथे ताई काम करते. गिऱ्हाइकाला आधी विचारते, "दूध पचतं का तुम्हाला?" माणसं लाजतात, इकडे तिकडे बघतात, आणि मग हळूच सांगतात. नमुना काढायला तिच्याकडे नीट सळी नाही. सुरीच्या टोकाने कोरते म्हणे.

तुम्ही इथे कुणाची तरी वाट बघत बसला आहात, म्हणून सांगते. या कपाटाला कुलूप नाही. माझ्यात चोरण्यासारखं काही असेल असं यांना वाटतच नाही. आत्ता टेबलाशी कुणी नाही. उचला मला, पिशवीत टाका, आणि जाता जाता घड्याळाच्या दुकानाशेजारी देऊन या.