गोमारच्या गुलाबावरचा वर्ख

मित्रांनो, माझ्या छातीत एक भोक आहे. तुमची मूठ सहज आत जाईल एवढे. ते कसे पडले हे सांगण्याआधी मला तुम्हाला एक शुक्रवार सांगायचा आहे, कारण त्यानंतर आमच्या घरात तसा साधा दिवस पुन्हा आला नाही.

त्या शुक्रवारी अँटवर्पमध्ये मृतांचा दिवस होता. सकाळीच घराघरांत केशर घातलेले पिवळे पाव भाजले गेले होते. असा एक गरम पाव खाल्ला की मेलेल्या एका माणसाचा जीव मरणानंतरच्या आगीतून सुटतो, अशी तिथली समजूत. माझा मालक गोमार सरसाच्या भांड्याशेजारी उभ्यानेच खात होता.

"किती झाले, बाबा?" त्याच्या मुलीने, योसिनाने विचारले. ती एकोणीस वर्षांची होती.

"पाच. आजोबा सुटले, दोन्ही आत्या सुटल्या, शेजारची म्हातारी सुटली. तुझी आई तर पहिल्याच पावाला सुटली."

"मग टोपलीत एवढे उरलेत ते कुणासाठी?"

"तुझ्या मामासाठी. त्याचं एका पावात भागायचं नाही."

दोघे हसले. मी त्यांच्या मध्ये चार पायांवर उभा होतो, अर्धामुर्धा झालेला एक हार्पसिकॉर्ड. ज्यांनी माझी जात पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही दिसतो लांबट पेटीसारखे. पुढच्या पट्ट्या बोटांनी दाबल्या की आत लाकडाच्या पातळ काड्या उड्या मारतात आणि काडीला बसवलेले पिसाचे टोक तारेला ओरबाडून जाते. त्या ओरबाडण्यालाच लोक संगीत म्हणतात.

माझ्या घडण्यात मायेपेक्षा मारच जास्त होता. झाड तोडले, चिरले, सात वर्षे वाळत ठेवले. माझ्या कुशीची फळी वाफेवर वाकवून शिकंज्यात आवळली, तेव्हा ती दोन रात्री कण्हत होती. गोमारचा आजा व्यापाऱ्यांसाठी साध्या पेट्या करत असे. एकदा त्याच्याकडे फुटलेला हार्पसिकॉर्ड दुरुस्तीला आला. त्याने तो दुरुस्त केला नाही, सगळा उकलला, तुकडा न् तुकडा मोजला, आणि आमचे घराणे तिथून सुरू झाले. तिसऱ्या पिढीचा गोमार हात उचलायला तयार आणि शिव्यांना मोकळा होता. एकदा फळी उलट्या अंगाने तासली म्हणून त्याने कारागिराच्या डोक्याच्या दिशेने रंधा भिरकावला होता. पण योसिनाच्या हातात ब्रश दिला, की तो मागे उभा राहून श्वास रोखून बघत असे. माझ्या नाद-फळीवर, म्हणजे तारांखालच्या पातळ फळीवर, तिने ट्यूलिप, कोळंबी आणि एक निळा पोपट काढला होता.

आता गुलाबाविषयी. नाद-फळीत एक गोल भोक ठेवतात आणि त्यात शिशाची जाळीदार चकती बसवतात. तिलाच गुलाब म्हणतात. शहरातल्या कारागिरांच्या संघाचा नियम होता की प्रत्येक उस्तादाने आपल्या वाद्यात आपली खूण ठेवलीच पाहिजे. गोमारच्या गुलाबात एक देवदूत होता आणि त्याच्या दोन बाजूंना गोमारच्या नावाची दोन अक्षरे. चकत्या ओतून देत असे शेजारचा बर्थेल. कथिलाची भांडी हा त्याचा मूळ धंदा. चकती आली की तिला पिवळे रोगण लावायचे, एवढीच आमची रीत होती.

त्या शुक्रवारी योसिनाने रीत मोडली. चर्चच्या वेदीच्या कामातून सोन्याच्या वर्खाची चार पाने उरली होती. ती तिने माझ्या गुलाबावर चढवली. पाव संपवून गोमार वळला आणि जागीच थांबला.

"हे काय?"

"तुमचं नाव आहे ते, बाबा. मोहरीच्या रंगात किती दिवस ठेवायचं?"

"किल्ल्यातले परदेशी शिपाई पगाराविना उपाशी आहेत, योसी. भिंतीपलीकडून कुत्र्यासारखा वास घेतायत. आणि तू त्यांच्या नाकासमोर चकाकी मांडतेस? पूस ते."

"ओलं आहे. आता पुसलं तर फळीवर पसरेल. उद्या खरवडते."

"आज."

"उद्या म्हटलं ना!"

तो काहीतरी पुटपुटला. पण ती पाव द्यायला शेजारी गेली, तेव्हा त्याने एप्रनला हात पुसले आणि माझ्यावर वाकून ती दोन अक्षरे बराच वेळ पाहिली. हे फक्त मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी खरवडायला कुणाला सवड झाली नाही. सगळे शहर किल्ल्यासमोर खंदक खणत होते. आमच्या वाळलेल्या फळ्यांपैकी निम्म्या आणि दोन नव्या पेट्या आडोशासाठी ओढून नेल्या. रविवारी दुपारी शिपाई किल्ल्यातून बाहेर पडले आणि तो आडोसा त्यांनी एका धावेत ओलांडला.

भिंतीपलीकडचे मला दिसत नव्हते, पण लाकडाला सगळे ऐकू येते. आधी घंटा ऐकू आल्या, मग बंद झाल्या. दारे फुटत होती. शेजारच्या गल्लीत माणसांना खिडक्यांतून खाली फेकत होते आणि प्रत्येकाच्या पडण्याचा आवाज वेगळा होता. नगरभवन पेटले तेव्हा माझ्या पायांखालची फरशीसुद्धा गरम झाली. गोमारने उरलेल्या फळ्या भिंतीशी तिरक्या लावल्या आणि योसिनाला त्यांच्यामागे ढकलले.

"मी हाक मारीपर्यंत बाहेर यायचं नाही. काहीही ऐकू आलं तरी."

"बाबा..."

"काहीही म्हणजे काहीही, पोरी."

तिघे शिपाई आत आले. त्यांची भाषा येते म्हणून बर्थेलला त्यांनी मानगूट धरून सोबत ओढले होते. त्याचे नाक फुटले होते. एका शिपायाने माझे झाकण उचलले, आणि अंधाऱ्या कारखान्यात तो गुलाब दिव्यासारखा चमकला.

"सोनं!" बर्थेल रडवेल्या आवाजात सांगू लागला. "हे सोनं पाहून म्हणतायत, बाकीचं कुठंय. गोमार, सांगून टाक रे बाबा."

"शिसं आहे म्हणावं ते! वर केसाहून पातळ वर्ख आहे. तूच ओतलंस ना ते, बर्थेल? सांग की त्यांना!"

गोमार एवढे बोलला, बर्थेलने त्याचे दोनच शब्द केले. आपण धातूचे काम करतो हे कळले तर आपल्याही घरात शिरतील, या भीतीने त्याची जीभ लुळी पडली होती. मी त्याला फार दोष देत नाही.

"विचारतायत, वर्ख चढवला कुणी? ज्याने चढवला त्याला सोनं कुठे ठेवलंय ते ठाऊक असणार. त्याला पुढे काढ म्हणतायत."

फळ्यांमागे योसिनाचा श्वास थांबला. मला तो थांबलेला ऐकू आला.

"मी," गोमार म्हणाला. "मीच चढवला. माझ्या नावाचा मला गर्व. इथे दुसरं कुणी नाही."

शिपायाने माझ्या छातीत कट्यार घातली. गुलाबाबरोबर वीतभर फळी आणि पोपटाची शेपटी फाटून आली. त्याने चकती चावली, थुंकली, आणि गोमारच्या तोंडावर फेकून मारली. खरे सोने लपवून हे शिसे पुढे केले आहे, असेच त्याला वाटले. मग त्यांनी माझ्यासाठी आणलेल्यातली उरलेली पितळी तार घेतली, तिने गोमारचे दोन्ही अंगठे बांधले आणि फळ्या टांगायच्या आकड्याला त्याला लटकवले.

मित्रांनो, पुढचे थोडक्यात सांगतो. माझ्या तारा ताणून झाल्या होत्या, पण काड्या अजून बसवल्या नव्हत्या, म्हणून तारा मोकळ्या होत्या. प्रत्येक फटक्यासरशी गोमारचे शरीर झोका खाऊन माझ्या कुशीवर आदळे आणि माझ्या सगळ्या तारा एकदम घुमत. आयुष्यात मी पहिल्यांदा वाजलो तो असा. त्याने हाक मारली नाही. ओरडतानासुद्धा त्याने तिचे नाव तोंडातून जाऊ दिले नाही. अंधार पडायच्या आत झोके थांबले.

तीन दिवसांनी शहर शांत झाले. योसिना फळ्यांमागून निघाली तेव्हा तिने स्वतःच्या मनगटाचा चावून चावून लगदा केला होता. गोमारला तिने शेकडो जणांबरोबर एकाच खड्ड्यात ठेवले. मग परत येऊन ती माझ्यासमोर बसली आणि मला पुरा करू लागली. आमच्या काड्यांना डोमकावळ्यांची पिसे लागतात. त्या हिवाळ्यात शहरात डोमकावळे भरपूर होते, आणि चांगले पोसलेले होते.

खंदकावर लढायला गेलेला आमचा कारागीर स्टेव्हन पुढे जखमी होऊन परतला. त्याच्याशी तिने लग्न केले. कारखाना त्याच्या नावाने चालू लागला, नव्या वाद्यांत त्याचा गुलाब बसू लागला. आमच्या घरची वाद्ये परदेशी जाऊ लागली. मला मात्र ना कुणी विकले, ना माझे भोक बुजवले. दर शनिवारी ती माझ्या तारा सुरात लावी आणि वाजवण्याआधीच झाकण मिटी. काही वर्षे माझ्यावर सरसाची भांडी ठेवली गेली, काही वर्षे पावाची टोपली.

बर्थेल नव्या चकत्या घेऊन येई आणि दर खेपेला तीच गोष्ट सांगे. "गोमार? उस्ताद माणूस! पण गर्व केवढा! शहर पेटलंय आणि हा आपल्या नावावर सोनं चोपडून बसलाय. स्वतः सांगितलंन, माझ्यासमोर!" कारागीर हसत. पोरांना दम देतानाही म्हणत, "जास्त मिरवू नकोस, गोमार होशील." योसिना मान खाली घालून पिसे तासत राही. हसणाऱ्यांत ती कधी नव्हती, आणि थांबवणाऱ्यांतही नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी वस्तू असेल तर तिची धूळ पुसा, तिला ओलीपासून जपा. पण तेवढ्याने जपणूक पुरी होत नाही. ती करणाऱ्या माणसाविषयी काय बोलले जाते, तेही ऐका. खोटे बोलले जात असेल आणि तुम्हाला खरे माहीत असेल, तर उद्यावर टाकू नका. लाकडाला ते सांगता येत नाही. मी सव्वीस वर्षे नुसता ऐकत उभा होतो.

सव्विसाव्या वर्षी लीअरच्या मठातून सिस्टर आल्डेगोंडा आल्या. स्टेव्हन दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता, कारखाना आता योसिना चालवत होती. सिस्टरांनी नवी वाद्ये सोडून थेट माझ्या पट्ट्यांवर हात ठेवला आणि चार सूर वाजवले.

"हाच हवा. आवाज जरा रडवा आहे, पण आमच्याकडे तसाच लागतो. हे भोक कसलं?"

"उंदीर!" एक कारागीर म्हणाला आणि सगळे फिसकन हसले.

"पट्ट्यांच्या वर करणाऱ्याचं नाव लिहून द्या," सिस्टर म्हणाल्या. "नावाशिवाय आमच्या मठाच्या मुख्य बाई वाद्य आत घेत नाहीत."

योसिनाने ब्रश उचलला. तेवढ्यात खिडकीशी बसलेला म्हातारा बर्थेल खाकरला.

"मी सांगतो काय लिहायचं. लिही, गोमारने केला, ज्याला जिवापेक्षा सोनं प्यारं! ऐका सिस्टर, त्याचं काय झालं..."

"बर्थेलकाका, थांबा."

"अगं, तुझ्याच बापाची गोष्ट. तू काय शंभरदा ऐकलीयस..."

"पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी तिथेच होते. फळ्यांच्या मागे."

कारखान्यात रंधे थांबले. तिच्या हातातल्या ब्रशमधून काळा रंग माझ्या पट्ट्यांवर ठिबकत होता, तिला भान नव्हते.

"बाबांनी तुम्हाला खोटं सांगितलं, काका. सोनं मी लावलं होतं," योसिना म्हणाली. "बाबा पूस म्हणाले होते."