राशीच्या पायथ्याची वानगी

वामनराव आणि त्यांचा धाकटा भाऊ चंद्रभान यांचं वेगळं निघायचं ठरलं, ते एका बैलावरून. तिवशाकडच्या त्यांच्या खळ्यावर गहू-हरभऱ्याची मळणी चालली होती. मळणीत मेढीजवळ, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाजवळ, म्हातारा बैल बांधायचा, कारण तिथं चाल कमी पडते. त्या दिवशी वामनरावांनी मेढीजवळ चंद्रभानचा नवा, तरणा बैल बांधला. का बांधला, हे त्यांना स्वतःलाही मागाहून सांगता आलं नाही. चंद्रभानला मात्र तो बैलाचा नाही, आपला अपमान वाटला. चार माणसांदेखत तो म्हणाला,

"गहू तुमी घ्या दादा, हरभरा मले द्या, आन् चुली वेगळ्या करा."

"बरं," वामनराव म्हणाले.

त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण दुसरा शब्द वेळेवर सापडला नाही. आणि चार माणसांदेखत म्हटलेलं 'बरं' थोरल्या माणसाला परत घेता येत नाही. धाकट्यालाही बोललेलं गिळता येत नव्हतं, हे त्याच्या जेवणावरून दिसत होतं.

अडचण एवढीच होती की गहू आणि हरभरा एकाच वावरात मिसळून पेरलेले, आणि खळ्यावर त्यांची रासही एकच. आजवर कोणी ते वेगळे केले नव्हते. घरात सगळं एकत्रच दळलं जाई. आता चाळणी हवी होती, गहू खाली पाडणारी आणि हरभरा वर ठेवणारी.

"चाळून होयेपर्यंत सैपाक एकाच चुलीवर होईन," वामनरावांची बायको गोदाबाई म्हणाली. तिची जाऊ वच्छला हिनं दुसऱ्या चुलीसाठी आणलेली माती परसात तशीच पडू दिली.

धामणगावला स्टेशनासमोर नत्थुजीचं दुकान होतं. तारेच्या जाळ्या तिथं रेल्वेनं मुंबईहून येत. नत्थुजी गिऱ्हाइकाला आधी चाळणी दाखवत नसे, वानगी मागे. भावांनी मूठभर वानगी पुढं केली. ती राशीच्या पायथ्याची होती. राशीची पूजा होईस्तोवर माथ्याला हात लावायचा नाही, ही रीत, आणि पूजा वाटणीच्या दिवशीच करायची ठरलेली. नत्थुजीनं वानगी चाळून पाहिली. गहू खाली, हरभरा वर. एक दाणा चुकला नाही.

घरी मात्र पहिली टोपली नीट चाळली गेली, आणि पुढच्या टोपलीपासून बारका हरभरा गव्हाबरोबर खाली पडू लागला.

"हे तं माहा हरभरा तुमच्या गव्हात चालला," चंद्रभान म्हणाला.

चाळलेलं सगळं पुन्हा राशीवर ओतलं. पुढच्या खेपेला ती चाळणी परत करून बारीक जाळीची आणली. तिच्यात गहूच अडकून बसले. "हे चाळणी हाय का गाळणं?" गोदाबाईनं विचारलं. पुन्हा सगळं राशीवर.

ते ओतताना वामनरावांना दिसलं. टपोरा हरभरा राशीवर ठरत नव्हता. घरंगळत खाली येऊन त्यांच्या पायाशी थांबत होता. बारका वरच राहत होता. म्हणजे पायथ्याची वानगी दाखवली की नत्थुजी टपोऱ्या दाण्याची जाळी देणार, आणि बारका हरभरा तिच्यातून जात राहणार. पायथ्याची वानगी आहे तोवर चूल एकच राहणार होती.

वामनरावांनी घमेलं झटकलं आणि हातपाय धुवायला गेले. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी एक भाकर जास्त खाल्ली.

पुढच्या खेपेला मात्र नत्थुजीनंच वानगी बोटांनी चिवडली.

"हे पायथ्याची दिसते जी. हिच्यावर जाळी धरली तं जल्मभर येजा कराल. पूजा करून घ्या, अन् माथ्याची आणा. मंग देतो बरोब्बर."

परतीच्या वाटेवर छकड्यात वामनराव बैलांकडे पाहत होते. चंद्रभान कुठंच पाहत नव्हता.

वाटणीच्या दिवसाची वाट न पाहता राशीची पूजा झाली. दोघांनी मिळून नारळ फोडला. दोन्ही जावांनी एकाच चुलीवर नैवेद्य केला. दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्रभान उठला आणि म्हणाला, "वानगी म्या काढतो."

वामनरावांना नको म्हणायचं होतं. "बरं," ते म्हणाले.

धामणगावपर्यंत चंद्रभाननं पुरचुंडी मांडीखाली ठेवली होती. दुकानात त्यानं ती सोडली. हरभरा बोरांसारखा टपोरा होता. बारका दाणा औषधालाही नव्हता.

वामनरावांनी भावाकडे पाहिलं. चंद्रभान समोर स्टेशनावर उभ्या मालगाडीकडे बघत होता.

"माथ्याची हाय हे?" नत्थुजीनं विचारलं.

"माथ्याचीच," चंद्रभान म्हणाला.

"यंदा माथ्यालेच भरला हरभरा," वामनराव म्हणाले.

नत्थुजीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खुंटीवरची मोठ्या जाळीची चाळणी काढली.

"हे तं तुमी पयल्या खेपेले नेली होती. वापस आणली."

"व्हय," वामनराव म्हणाले. "तेच द्या."