फुग्यांची ताडी

मी मूर्ख बाई नाही. आमच्या चेंदणीत कुणालाही विचारा, तुळसाला शिळी मासळी विकायची हिंमत कुणाची झाली नाही. पण त्रेपन्न सालच्या नाताळाला मी जे केलं, ते एखादा मूर्खसुद्धा करायचा नाही.

माझा नवरा गुणाजी ताडावर चढायचा. दारूबंदी आली आणि ताडी बंद झाली. नीरा तेवढी राहिली, तीही परवान्यावर. नीरेच्या मडक्याला आतून चुना फासायचा, म्हणजे रस आंबत नाही, गोड राहतो. बिनचुन्याचं मडकं सापडलं की परवाना गेला आणि माणूसही आत गेला. पलीकडच्या आळीतला धोंडीबा एका मडक्यापायी तीन महिने तुरुंगात बसून आलेला. आला तो खोकतच आला, आणि पुढचा पावसाळा काही त्यानं बघितला नाही. तेव्हापासून दारावर कुणी खाकी कपडेवाला दिसला, की मी आधी आतून कडी घालायचे.

आमच्या भिंतीला भिंत लागून कातरीनचं घर. किरिस्ताव बाई, नवरा गेलेला, एकुलती एक पोर सेलीन. नाताळाला त्यांच्यात फुग्या करतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि ताडी. पीठ आपटून आपटून मळायचं, झाकून ठेवायचं, आणि दुप्पट वर आलं की मुठीतून गोळे पिळून तेलात सोडायचे. ताडी आमच्या घरून जायची आणि फुग्यांचं भरलेलं ताट आमच्या घरी यायचं. माझ्या सासूच्या वेळेपासूनचा हा रिवाज.

दारूबंदीनंतर कातरीननं नीरा घालून बघितली. पीठ सकाळपर्यंत तसंच पडून राहिलं. फुग्या कसल्या, गोट्या झाल्या!

सेलीन तेव्हा एकोणीस वर्षांची. मॅट्रिक झालेली, जानेवारीपासून शाळेत मास्तरीण म्हणून लागायची होती. ती मला समजावायला लागली, "मावशी, ताडीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते साखर खातात आणि त्यांची हवा होते. तीच हवा पिठात अडकते, म्हणून पीठ फुगतं. चुन्यानं ते जीव वाढतच नाहीत, मग फुगणार काय?"

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मी म्हटलं. "आता आमच्या ताडीत किडे काढ!"

ती हसली. तिचं हसू मोठं होतं, सगळं तोंड हसायचं.

त्या वर्षी कातरीन म्हणाली, "यंदा नाही करत गो फुग्या. मैदा फुकट जातो." रडली नाही, काही नाही, नुसतं म्हणाली. मलाच राग आला. नाताळ आणि फुग्या नाहीत? मी दोन दिवस गुणाजीचं डोकं खाल्लं. एक मडकं, फक्त एक मडकं चुना न लावता बांधा. तो नाही नाही म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी पंच्याखाली लपवून घेऊन आला.

"पुन्हा हा विषय काढू नकोस," तो म्हणाला. "पकडलो तर तू जाशील का माझ्या जागी आत?" आणि नीरा विकायला केंद्रावर निघून गेला.

आता ताडी आमच्यात कायम मडक्यात असायची, तोंडावर फडकं बांधून. फडकं कशाला, तर माश्या पडू नयेत म्हणून, असंच मी जन्मभर समजत आलेले. पण मडकं म्हणजे वास, आणि वास म्हणजे फौजदार. चोराच्या मनात चांदणं. मी सरबताची एक रिकामी बाटली घेतली, ताडी काठोकाठ भरली, बूच ठोकून बसवलं, वरून तार आवळली आणि मेण ओतलं. नाक लावून बघितलं, जरासुद्धा वास नाही. मग चुलीमागच्या लाकडांत, उबेला, लपवून ठेवली. काय हुशार बाई मी!

दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला, दुपारी सेलीन पीठ घेऊन आमच्याकडेच आली. मी लाकडं बाजूला केली. बाटली हातात घेऊन तिनं बघितली मात्र, आणि तिचा चेहरा उतरला.

"अगं मावशी, बूच इतकं घट्ट कुणी लावलं? आतली हवा जाणार कुठनं?"

"का? वास येऊ द्यायचा?"

"दूर हो, दूर हो तू," ती म्हणाली. मला तिनं हातानं मागं लोटलं आणि स्वतः तार सोडवायला वाकली.

आवाज असा झाला की मला वाटलं चूल फुटली. बघते तर सेलीन खाली बसलेली, दोन्ही हात तोंडावर, अंगभर ताडी आणि बोटांमधून रक्त. आणि वास! कालपासून कोंडलेला सगळा वास एकदम घरभर सुटला.

देवाशपथ सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा ती पोर आली नाही. गुणाजी आला. धोंडीबाचा खोकला आला. मी दार लावून घेतलं.

कातरीन धावत आली. "टांगा आण, दवाखान्यात नेऊ," म्हणून ओरडायला लागली. मी तिचं तोंड दाबलं. "अशी नेलीस तर डॉक्टर पोलिसांना कळवील. आधी वास घालव." तिनं एकदा लेकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि विहिरीवरून पाणी आणायला गेली. माझं ऐकलं तिनं.

मी सेलीनचे कपडे बदलले. केस शिकेकाईनं धुतले. मग तोंड धुतलं. ती म्हणत होती, "मावशी, डोळ्याला हात नको लावू, आत काहीतरी टोचतंय." मी म्हटलं, "ताडी गेलीय बाय, साफ करायलाच हवी." साबण लावला. पापणी चोळली. ती किंचाळली तेव्हा कातरीनकडून तिचे हात धरवले आणि आणखी चोळली, वास जाईपर्यंत. तास-दीड तास गेला असेल. मग टांगा मागवला.

डोळ्यांचा डॉक्टर म्हातारा होता. मी आधीच सांगून टाकलं, सोड्याची बाटली फुटली, आत्ताच. त्यानं मला पुढं बोलूच दिलं नाही. खूप वेळ दिवा धरून बघत राहिला. मग सरळ बसला.

"फुग्यांची ताडी ना?" तो म्हणाला. "केसांना अजून वास येतोय. अहो, उद्या नाताळ, आमच्या शेजारीही लपवून आणतात. मी काय फौजदार आहे?"

कातरीन हात जोडून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, डोळा?"

"डोळा गेला, बाई. काच बारीक होती, वरच्यावर रुतलेली. तशीच आणली असती तर मी चिमट्यानं काढून दिली असती. चोळल्यानं आत गेली, सगळं फाटलं." मग त्यानं आम्हा तिघींकडे बघितलं. आवाज चढवून म्हणाला, "काच असलेला डोळा चोळला कुणी?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. पण ताडी कुणी दिली ते निघालं, की मडक्याचं निघणार, मडक्याचं निघालं की...

"मीच चोळला," सेलीन म्हणाली. "फार जळजळत होतं, म्हणून."

डॉक्टर तिच्यावर ओरडला. शिकलेली मुलगी ना तू, एवढं कळत नाही? ती मान खाली घालून ऐकत राहिली. कातरीन माझ्याकडे बघत होती, आणि मी गप्प उभी राहिले.